दरड, खचणं की घसरणं?

केळघरचा प्रवासी: मेढ्याकडून महाबळेश्वरला जाताना घाटात रस्त्याची दरीकडची कड वीतभर खाली गेलेली दिसली. गाडीतला एक म्हणाला 'दरड गेली', दुसरा म्हणाला 'रस्ता खचला'. मला घाटरस्त्याच्या भरावाच्या माती तपासणीचा अहवाल मराठीत करायचाय. 'स्लोप स्टॅबिलिटी', 'शिअर स्ट्रेंग्थ' पानोपानी आहे. काय लिहू?

वाईकर: दरड नक्कीच नाही. दरड म्हणजे उभा कडा, नदीचा तुटका काठसुद्धा. ती उभी असते, मग कोसळते. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला झालं ते दरड कोसळणं. हल्ली बातमीत 'रस्त्यावरची दरड हटवली' असतं, म्हणजे पडलेल्या राड्यालाच दरड म्हणायला लागलो. बोलताना चालतंय, अहवालात नको.

कराडचा लॅबवाला: भराव म्हणजे आणून टाकलेली, रोलरनं दाबलेली माती-मुरूम. तो खचतो तेव्हा सरळ खाली बसतो. दबाई कमी पडलेली असते किंवा खालची जमीन मऊ असते. घसरणं वेगळं. आतल्या आत वाकडी फट धरून अख्खा गठ्ठा दरीकडे सरकतो, वर डांबरावर चंद्रकोरीसारखी भेग उमटते. तुम्ही भेग बघितली का?

तपासण्याही वेगळ्या. दबाईसाठी जागेवरची घनता प्रॉक्टरच्या आकड्याशी, म्हणजे तीच माती लॅबमध्ये ठोकून मिळालेल्या जास्तीत जास्त घनतेशी ताडतात. घसरणीसाठी शिअर बॉक्स: डबीचे दोन भाग, वरचा खालच्यावर सरकवायचा, माती किती जोर धरते ते मोजायचं. त्यातून चिकटपणा आणि घर्षणाचा कोन, म्हणजे कण एकमेकांवर घासून किती अडतात त्याचं माप, मिळतो. नमुना भिजवूनही बघतात, कारण मातीच्या पोकळ्यांत पाणी भरलं की त्याच्या दाबानं कणांची पकड सुटते. म्हणून घाट उन्हाळ्यात शहाणा असतो. मग रोखणाऱ्या जोराला ढकलणाऱ्या जोरानं भागायचं, तो सुरक्षा गुणांक. १ च्या खाली गेला की उतार गेला.

वाईकर: 'शिअर'ला पुस्तकात 'कर्तन' लिहितात. कातर, कातरणं त्याच घरातले. पण इथं माती कुणी कातरत नाही, ती सरकते. मी 'सरकरोध' लिहीन, पहिल्यांदा शेजारी 'कर्तन सामर्थ्य' देऊन.

कराडचा लॅबवाला: सरकरोध म्हणजे सरकारला विरोध वाटतोय राव! 'कर्तन'च ठेवा, परीक्षेतल्या पोरांना तेच माहीत आहे.

केळघरचा प्रवासी: बरं, 'कर्तन सामर्थ्य' आणि 'भरावाच्या उताराचं स्थैर्य'. भेग होती, चंद्रकोरीसारखीच. म्हणजे 'घसरण' लिहितो, 'खचला' खोडतो.