‘निरोप घेतला’ म्हणजे आला की गेला?

सातरस्ता: पोरांसाठी सर्व्हिस वर्करची, म्हणजे वेबपानाच्या मागं ब्राउझरमध्ये चालणाऱ्या स्क्रिप्टची, मराठी टिपणं काढतोय. मेसेजला ‘निरोप’ धरून लिहीत सुटलो. ‘वर्कर पानाचा निरोप घेतो’ हे वाचून एका पोरीनं विचारलं, "सर, पान बंद झालं का?" मी गार. ‘पानाला निरोप दिला’ लिहिलं तरी तेच. त्यात वर्कर खरंच जातो की! काम नसलं की ब्राउझर त्याला बंद करतो, पुढचा मेसेज आला की परत उठवतो. मग कुठला निरोप, कसं कळायचं?

लाल पेन: संदेश लिहा. घ्या, द्या, काही बिघडत नाही.

बाळीवेस: संदेश राष्ट्राला उद्देशून असतो हो. शेजारणीकडं ठेवतात तो निरोपच. क्रियापद बदला : निरोप धाडला, निरोप पोचला.

अर्धाकानडी: आमच्या घरी कन्नड. जुन्या कन्नडमध्ये ‘निरूप’ म्हणजे राजाची आज्ञा. तिकडूनच आलाय.

लाल पेन: काहीतरीच. मूळ संस्कृत. जुन्या मराठीत ‘निरोपिले’ म्हणजे सांगितले. कीर्तनातलं निरूपण ऐकलं नाही का कधी?

अर्धाकानडी: संस्कृत नाही असं कोण म्हणतंय? येताना सोलापुरावरून आला, एवढंच.

मिलचाळ: आजोबा मिलमध्ये होते. निरोप एकाला, भोंगा सगळ्यांना. ब्रॉडकास्ट चॅनेल म्हणजे ऐकणाऱ्या सगळ्यांना एकदम मेसेज, त्याला सरळ भोंगा म्हणा. कोण ऐकतंय ते भोंगा बघत नाही. मॅचऑल करून, म्हणजे पानांची यादी काढून, एकेका पानाला पोस्टमेसेज करणारा (मेसेज धाडणारा) तो निरोप्या, दारोदार फिरणारा.

लाल पेन: उद्या वर्करला गडी म्हणाल.

बाळीवेस: म्हणूच की. काम नसलं की झोपतो, हाक मारली की उठतो. अजून काय पाहिजे?

सातरस्ता: गडी आवडला. पण पान पहिल्यांदा उघडतं तेव्हा कंट्रोलर (पान ज्याच्या ताब्यात तो) नल, म्हणजे कुणीच नसतो. गड्यानं क्लेम केलं, म्हणजे पानावर हक्क सांगितला, किंवा पान परत उघडलं, की मग पान त्याच्या ताब्यात. म्हणजे कंट्रोलर गडीच! गड्याच्या ताब्यात घर, हे पोरांना कसं सांगू?

बाळीवेस: आमच्या वाड्यात तसंच होतं. किल्ल्या गड्याच्या कमरेला, आजोबा चहासुद्धा त्याला विचारून मागायचे.

लाल पेन: ‘नियंत्रक’ लिहा.

अर्धाकानडी: नियंत्रक रेशनच्या ऑफिसात बसतो.

मिलचाळ: भोंग्याचं कुणी काही बोललंच नाही.