घरात, माळ्यावर, गाडीत उंदीर: तुमचा अनुभव सांगा

गेल्या महिन्यात सकाळी कामाला निघालो आणि गाडी चालू करताच इंजिनाचा पिवळा दिवा लागला. बॉनेट उघडून बघतो तर बॅटरीच्या कडेला कोबीचं कुरतडलेलं पान, शेंगांची टरफलं, आणि बॉनेटच्या आतला फोम ओरबाडून केलेलं मऊ घरटं. वायरींच्या जुडग्यात दोन वायरी तुटलेल्या, तिसरीचं आवरण सोलून तांबं उघडं पडलेलं. मेकॅनिक म्हणाला, "पावसात बिळांत पाणी शिरतं, मग गरम इंजिनासारखी जागा त्यांना कुठे मिळणार?" साडेसात हजार गेले. आठ दिवसांनी पुन्हा तीच वायर.

आमची इमारत ठाण्यात. तळमजल्यावर पार्किंग, शेजारीच कचऱ्याचे ड्रम. मी बॉनेटमध्ये तंबाखूची पानं बांधली, डांबरगोळ्या ठेवल्या, जिन्याजवळच्या प्लगला ते माणसाला ऐकू न येणारा आवाज करणारं यंत्रही लावलं. दोन रात्री शांत गेल्या. तिसऱ्या सकाळी लेंड्या यंत्राच्या बरोबर खाली.

म्हणून हा धागा. घर, माळा, गॅरेज, शेत, परदेशातलं घर, कुठलाही अनुभव चालेल. एकच विनंती: नुसता उपाय लिहू नका, तो केल्यावर पुढे काय झालं ते लिहा. फसलेलंही लिहा.

डोंबिवली

वॉशिंग मशिनचा तळ बघून घ्या. बऱ्याच मशिनना खालून काहीच नसतं, उंदीर सरळ वर शिरतो आणि पाण्याचा पाइप, वायर दोन्ही कातरतो. आमचं मशिन दोनदा बंद पडलं. शेवटी तळाला बारीक भोकांचा पत्रा स्क्रूने बसवून घेतला, तेव्हापासून तीन पावसाळे गेले. प्लॅस्टिकची जाळी मात्र लावू नका, एका रात्रीत जाते. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजवायला त्याला काहीतरी कुरतडावंच लागतं. आम्ही आपले अन्न झाकून ठेवत होतो आणि वायरी जमिनीवर लोळत होत्या.

देवगड

आमच्याकडे उंदीर घरात कमी, माडावर जास्त. सकाळी उठून बघावं तर माडाखाली आठ-दहा कोवळी शहाळी पडलेली, प्रत्येकाला देठाजवळ गोल भोक. पाणी प्यायलेलं, खोबरं खरवडलेलं. वडिलांनी सगळ्या माडांना जमिनीपासून सात-आठ फुटांवर दीड फूट रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळला. पत्र्यावर नखं रुतत नाहीत, उंदीर तिथून घसरतो. पण पहिल्या वर्षी अर्ध्या माडांवर तरीही नुकसान झालं. का, ते वडिलांनी दोन रात्री बॅटरी घेऊन अंगणात बसून शोधलं: दोन माडांच्या झावळ्या वर एकमेकींत गेल्या होत्या, आणि एक माड पडवीच्या कौलांना टेकला होता. कौलांवरून माडावर, त्या माडावरून पुढच्या माडावर. टेकणाऱ्या झावळ्या उतरवल्या आणि मग पत्रा कामाला आला.

घरातलं सांगायचं तर आजीच्या वेळी दूध-तूप शिंक्यात टांगलेलं असायचं आणि भाताची कणगी शेणाने लिंपलेली. चापाला आम्ही सुका बोंबील विस्तवावर जरा भाजून लावतो, वास लांब जातो. एक बारकावा मात्र फार कमी जण पाळतात. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. चाप आणल्या रात्रीच ताणून ठेवलात तर तो आठवडाभर लांबून जाईल. आधी तीन-चार रात्री न ताणता नुसतं खाणं ठेवायचं, तो बिनधास्त खायला लागला की मग ताणायचा. लहान घरउंदीर उलटा, तो नवं काही दिसलं की आधी हुंगायला येतो.

पुणे, धनकवडी

मला लिहायला जड जातंय, पण लिहिते. दोन वर्षांपूर्वी उंदीर मारायची ट्यूबमधली पेस्ट आणली. बिस्किटाला लावून सिलिंडरच्या मागे ठेवली. माझी मुलगी तेव्हा साडेतीन वर्षांची. मी दाराशी दूध घ्यायला गेले आणि परत आले तर बिस्किट तिच्या हातात, ओठांना काळपट काहीतरी लागलेलं.

तोंड पुसलं, रिक्षा केली आणि ट्यूब पिशवीत टाकून दवाखान्यात गेलो. ती ट्यूब नेली हे सगळ्यात बरं केलं. डॉक्टरांनी आधी तीच वाचली. त्यात पिवळा फॉस्फरस होता. त्यांनी सांगितलं की याला उतारा नाही. पहिल्या दिवशी पोटात गडबड होते, मग रुग्ण बरा वाटतो, घरचे निर्धास्त होतात, आणि दोन-तीन दिवसांनी यकृत निकामी व्हायला लागतं. पाच दिवस आम्ही वॉर्डात होतो. रोज रक्त काढायचे, रोज दुपारी रिपोर्ट यायचा, आणि तो येईपर्यंत माझ्या नवऱ्याने आणि मी एकमेकांकडे बघितलं नाही. तिच्या पोटात काही गेलं नव्हतं. ती सुखरूप आहे.

त्याच वॉर्डात कळलं की ज्या वड्यांमध्ये ब्रोमाडायोलोन असतं त्याने रक्त गोठत नाही, आणि त्याला व्हिटॅमिन के हा उतारा आहे. म्हणजे पाकीट हातात असेल तर डॉक्टरांचा वेळ वाचतो. असं कधी झालंच तर घरी मीठपाणी पाजून उलटी काढत बसू नका, पाकीट घ्या आणि निघा. आमच्या घरात त्या दिवसानंतर कुठलंही विष आलं नाही. पिंजरा आहे, आणि सिंकखालचं भोक बुजवलेलं आहे.

नागपूर

धनकवडीच्या ताई, वाचून अंगावर काटा आला. लेकीला खूप आशीर्वाद.

विषाचं आमचं नुकसान त्यामानाने काहीच नाही. वडी खाऊन उंदीर बाहेर जाऊन मरतो, असं दुकानदाराने सांगितलं होतं. तो पीओपीच्या छतात मेला. मे महिना, पंधरा दिवस हॉलमध्ये बसवत नव्हतं, शेवटी छत कापलं.

मुंबई, परळ

आमची चाळ आणि मागची घरगल्ली, म्हणजे दोन चाळींमधली ती अरुंद पट्टी. वरच्या मजल्यांवरून भाताची खरकटी, माशांचे काटे, भाज्यांची देठं, सगळं तिथे पडायचं. तिथल्या घुशी मांजरीला घाबरत नसत, मांजरीच त्यांना वाट द्यायच्या.

26 जुलै 2005 च्या पुरात माझा धाकटा भाऊ लालबागहून कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी आला. घोट्याला चपलेचा पट्टा लागून कातडी सोलली होती, एवढंच. आठवड्याने ताप. आम्ही मलेरिया समजलो. मग पोटऱ्या इतक्या दुखायला लागल्या की हात लावू देईना, डोळे लाल, नंतर पिवळे. लेप्टो. उंदरांच्या लघवीतून ते जंतू पाण्यात येतात आणि जखमेतून आपल्यात शिरतात. तो महिनाभराने उठला. त्याच वॉर्डातले दोघे उठले नाहीत.

त्यानंतर चाळीत बैठक झाली. महापालिकेची रात्रपाळीची माणसं आमच्या भागात यायची, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात काठी. उजेडाने उंदीर क्षणभर थबकतो, तेवढ्यात घाव घालायचा. रात्रीत प्रत्येकाने 30 उंदीर मारायचे आणि सकाळी मोजून द्यायचे, असा त्यांचा नेम. त्यांच्यापैकी एकाला माझ्या आईने एकदा चहा दिला, तेव्हा तो म्हणाला, "मावशी, आम्ही आज 30 मारू, तुम्ही वरून भात टाकाल तर महिन्याने 60 होतील." खरंच आहे ते. उंदरीण तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-सात पिल्लं. आईने तेव्हापासून मजल्यावर कुणालाही खिडकीतून काही टाकू दिलं नाही. घरोघरी झाकणाची बादली, रात्री दहाला खाली नेऊन द्यायची, पाळी लावून. भांडणं झाली, एका घराशी वर्षभर बोलणं बंद होतं. पण दुसऱ्या पावसाळ्यात घरगल्लीत सिमेंटची जमीन दिसली. मी लहानपणापासून ती पाहिलीच नव्हती.

पाण्यातून चालावं लागलं तर पाय साबणाने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, प्रतिबंधक गोळी मिळते. ताप यायची वाट बघू नका.

सातारा

परळच्या अनुभवावरून आठवलं. माझी पणजी "उंदीर पडला" हे शब्द घरात उच्चारू द्यायची नाही. 1896 साली मुंबईत प्लेग सुरू झाला, मग पुण्यात आणि इकडे गावोगाव. घरात मेलेला उंदीर दिसला की लोक घर सोडून माळावर झोपड्या बांधून राहायचे. मेलेल्या उंदराच्या अंगावरच्या पिसवा माणसाला चावल्या की रोग यायचा. आजही कारण नसताना एकदम दोन-चार मेलेले उंदीर दिसले तर हात न लावता आरोग्य खात्याला कळवावं.

डेन्व्हरजवळून, कोलोराडो

इथे गॅरेज हेच त्यांचं पहिलं घर. ऑक्टोबरात थंडी पडली की शेतातून येतात. आम्हाला कळलं ते गाडीच्या एसीतून. वास येत होता म्हणून केबिनचा एअर फिल्टर काढला तर त्याच्या घड्यांमध्ये सूर्यफुलाच्या बिया ओळीने भरलेल्या, मध्ये टिश्यूपेपरचं घरटं. पक्ष्यांना घालायच्या बियांची पोती मी गॅरेजमध्ये उघडी ठेवली होती.

मी झाडू घेऊन लेंड्या झाडायला लागलो आणि शेजारच्या आजींनी ओरडून थांबवलं. इथला डिअर माउस दिसायला देखणा, पाठ तपकिरी, पोट आणि पाय पांढरे, डोळे मोठे. पण त्याच्या लघवी-लेंड्यांतून हंता विषाणू पसरतो. 1993 मध्ये इथल्याच चार राज्यांच्या सीमेवर त्या आजाराची साथ ओळखली गेली, फुप्फुसांत पाणी भरून तरणीताठी माणसं गेली. सुकं झाडलं की तो धुळीबरोबर नाकात जातो. म्हणून आधी दारं अर्धा तास उघडी ठेवायची, हातमोजे घालायचे, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी फवारून पाच मिनिटं भिजू द्यायचं, आणि मग कागदाने टिपून घ्यायचं. झाडू नाही, व्हॅक्यूम नाही.

मग एका दुपारी गॅरेजचं दार लावून, आत अंधार करून बसलो. जिथून उजेड येतो तिथून उंदीर येतो. दाराच्या खालच्या रबराचे दोन्ही कोपरे झिजलेले, आणि एसीचा पाइप भिंतीतून जातो तिथे करंगळी जाईल एवढी फट. शिसपेन्सिल जाते तिथून घरउंदीर जातो. रबर बदललं, फटीत तारेची घासणी कोंबून वरून सीलंट भरलं, मोठ्या भोकांना पाव इंची लोखंडी जाळी. बिया पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात. चाप भिंतीला काटकोनात लावले, खाण्याचं टोक भिंतीकडे, कारण तो भिंतीच्या कडेनेच पळतो. पीनट बटर वाटाण्याएवढंच, जास्त लावलं तर कडेने चाटून जातो. पहिल्या आठवड्यात नऊ सापडले, दुसऱ्यात दोन, मग एकही नाही.

आवाजाच्या यंत्रांबद्दल: इथल्या फेडरल ट्रेड कमिशनने 2001 मध्ये ती बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या साठाहून जास्त कंपन्यांना बजावलं होतं की दाव्यांना शास्त्रीय पुरावा हवा. तुमचा तिसऱ्या दिवसाचा अनुभव अगदी नेहमीचा आहे.

नाशिक

चिकटपट्टी वापरू नका, हात जोडून सांगते. आमच्या पट्टीवर रात्री चिचुंद्री अडकली. पहाटेपर्यंत तिचं ते बारीक चिक्‌चिक् चालू होतं. तेल ओतून, चमच्याने हळूहळू सोडवली, तरी पोटाखालची लव पट्टीला राहिली. चिचुंद्री उंदीर नाहीच, नाक लांब, डोळे बारीक, ती झुरळं आणि किडे खाते. वास येतो म्हणून आपण तिला मारतो आणि मग झुरळं वाढली म्हणून फवारणी करतो.

लेस्टर

इंग्लंडमध्ये 31 जुलै 2024 पासून सामान्य माणसाने चिकट सापळा लावणं गुन्हा आहे. नाशिकच्या ताईंनी पाहिलं तेच कारण.

बारामती

गोदामात धामण दिसली की गडी काठी घेऊन धावतात, मी अडवतो. धामण बिनविषारी, आणि तिच्याइतकं बिळात कुणी शिरत नाही. गव्हाणी घुबडाची जोडी पडक्या विहिरीच्या कपारीत आहे, पिल्लं असली की रात्रभर उंदीर नेतात. म्हणून विष बंद केलं. विषाने सुस्त झालेला उंदीर पहिला त्यांच्याच तावडीत सापडतो. आणि एक उलटी बाजू: घराजवळ उंदीर वाढले की मागोमाग घोणस येते. जळणाचा ढीग भिंतीपासून लांब रचा.

कोल्हापूर

गॅसची रबरी नळी आजच बघा. आमची जुनी हिरवी नळी रेग्युलेटरजवळ कुरतडलेली सापडली, वासामुळे कळलं. आत तारेची जाळी असलेली नारिंगी नळी घ्या, ती पाच वर्षांनी बदलायची. गळतीसाठी 1906 हा नंबर दारामागे लिहून ठेवा.

ठाणे (धागा मीच काढला होता)

सगळ्यांचं वाचलं. यंत्र काढून टाकलं, विषाची वडी आणली होती ती न उघडता परत केली.

देवगडच्या काकांसारखं मीही आधी वाट शोधायचं ठरवलं. गाडीभोवती आणि पार्किंगच्या भिंतीकडेने रांगोळीची पातळ पूड भुरभुरली. सकाळी ठसे स्वच्छ उमटलेले, पुढचे पंजे चार बोटांचे, मध्ये शेपटीची रेघ. रेघ कचऱ्याच्या ड्रमपासून निघून मीटरच्या खोलीत, तिथून जुन्या सोफ्यांच्या आणि फरशीच्या तुकड्यांच्या ढिगामागून थेट माझ्या पुढच्या उजव्या चाकापर्यंत. चाकावरून चढून आत. मीटरच्या खोलीच्या उंबऱ्याखाली मूठ जाईल एवढं बीळ होतं. वॉचमनदादांनी आणि मी त्यात काचेचे तुकडे ठासले आणि सिमेंट भरलं. ड्रमना झाकणं आली. गाडी आता त्या भिंतीपासून लांब, उजेडात उभी करतो, आणि वायरींच्या जुडग्यावर मेकॅनिककडून लोखंडी विणीची नळी चढवून घेतली.

आज बारा दिवस झाले, गाडीभोवतीची रांगोळी तशीच आहे. ढिगाच्या मागे मात्र अजून ठसे दिसतात. ते सोफे कुणाचे आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. रविवारी सोसायटीच्या सभेत विषय घेतलाय, ठशांचे फोटो काढून ठेवले आहेत.