पिकासोचा डॉक्टर घड्याळातच का बघतोय?

रंगपेटी:
पिकासोचं 'विज्ञान आणि दया' हे 1897 चं चित्र बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे. खाटेवर आजारी बाई. कडेवर मूल घेतलेली नन तिच्यापुढे कप धरतेय आणि डॉक्टर मनगट धरून घड्याळात बघतोय. बाईच्या तोंडाकडे बघायला त्याला फुरसत नाही. पंधरा वर्षांच्या पोराला तेव्हाच कळलं होतं, विज्ञान कुणीकडे निघालंय ते. आजच्या ओपीडीत घड्याळाच्या जागी मॉनिटर आलाय, इतकंच.

रातपाळी:
अहो, नाडी मोजायची तर काट्याकडे बघावंच लागतं! उलट बाईचा हात हातात घेतलाय तो डॉक्टरनेच. शिवाय डॉक्टर म्हणून बसलेत पिकासोचे वडील, त्याचे चित्रकलेतले पहिले गुरू. बापाला खलनायक करायला तो बसला नव्हता. (तो हात मात्र फसलाय. डॉक्टर हातमोज्याची नाडी बघतोय, अशी तेव्हाच थट्टा झाली होती.)

रंगपेटी:
मग ल्यूक फिल्ड्सचं 'द डॉक्टर' बघा. 1891, लंडनच्या टेट कलासंग्रहालयातलं. दोन खुर्च्या जोडून लेकरू झोपवलंय. डॉक्टर हनुवटीला हात लावून नुसता त्याच्याकडे बघतोय. मागे आईने टेबलावर डोकं टेकलंय, तिच्या खांद्यावर बापाचा हात. याला म्हणतात डॉक्टर.

रातपाळी:
बघत बसलाय, कारण करण्यासारखं फारसं काही नाही! अँटिबायोटिक्स हाताशी यायला अजून पन्नास वर्षं होती. फिल्ड्सचा स्वतःचा मुलगा 1877 मध्ये गेला, त्याच्या डॉक्टरची आठवण या चित्रामागे आहे म्हणतात. आदर आहेच. पण माझं पोर आजारी पडलं तर मी घड्याळवाल्याकडे नेईन.

तिरकी रेघ:
आणि अमेरिकन चित्रकार आयकिन्स? 'ग्रॉस क्लिनिक', 1875, फिलाडेल्फिया. डॉ. ग्रॉस मांडीची शस्त्रक्रिया करता करता वर्गाला शिकवतायत, बोटं रक्ताने माखलेली. पुढच्या वर्षी तिथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात कलाविभागाने हे चित्र नाकारलं, मग ते त्याच प्रदर्शनातल्या लष्करी इस्पितळाच्या दालनात लागलं. हाड सडलं की पूर्वी पाय कापायचे. ग्रॉस सडका भाग काढून पाय वाचवतायत. चेहऱ्यावर दयेचा लवलेश नाही. पण ही दया नाही तर काय?

रंगपेटी:
त्याच चित्रात रुग्णाची नातेवाईक तोंड झाकून आक्रसून बसलीय. तिला धीर द्यायला एक हात नाही. एवढा वर्ग भरलाय, एकाने तरी उठावं ना?

रातपाळी:
ते शिकायला बसलेत हो. मुळात त्या बाईला शस्त्रक्रियेच्या वेळी आत बसवलंच कुणी?