नोकरीनंतरचा छंद-प्रकल्प पुढे कसा न्यावा: रोजचा अर्धा तास की सुट्टीची सलग बैठक?

बारवशोधक, परभणी (धागा सुरू करणारे)

मी परभणीत एका कार्यालयाच्या लेखा विभागात नोकरी करतो आणि गेली दोन वर्षे घरी आल्यावर जिल्ह्यातल्या बारवांचे, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरींचे, एक छोटे संकेतस्थळ तयार करीत आहे. प्रत्येक बारवेचे नकाशावरचे स्थान, चार-पाच छायाचित्रे, प्रवेशमार्गांची संख्या, भिंतींतल्या देवळ्या (कोनाडे) आणि पाण्याची आजची अवस्था एवढीच माहिती त्यावर असते. त्यातून पैसा मिळत नाही आणि मिळावा अशी अपेक्षाही नाही. माझे मत असे आहे की, नोकरदार माणसाचा असा प्रकल्प रोजच्या अर्ध्या तासावरच तगतो, आणि सुट्टीची वाट पाहत बसलेला प्रकल्प बहुतेक वेळा फोल्डरमध्येच पडून राहतो.

पहिले वर्ष मी रविवारच्या भरवशावर काढले. रविवारी कधी लग्न असायचे, कधी गावाकडे जावे लागायचे, आणि संध्याकाळी चारच्या सुमारास लॅपटॉप उघडला की मागच्या खेपेला आपण कुठे थांबलो होतो हे आठवण्यातच तास निघून जायचा. त्या वर्षात संकेतस्थळाचे रूप तीनदा बदलले आणि बारवा मात्र सहाच चढल्या. दुसऱ्या वर्षापासून रात्री साडेनऊ ते दहा ही वेळ ठरवून टाकली, आणि उठण्यापूर्वी उद्या काय करायचे याची एक ओळ वहीत लिहू लागलो. ‘चारठाण्याची छायाचित्रे लहान केली, नावे द्यायची राहिली’ अशी ती ओळ असते. काम संपवून उठायचे नाही, एक सोपा तुकडा मुद्दाम शिल्लक ठेवायचा, हे मी कटाक्षाने पाळतो. दुसऱ्या दिवशी थकलेल्या डोक्याने बसले तरी तो तुकडा हातात घेता येतो आणि एकदा हात चालू लागला की पुढचे सुचत जाते.

एक अनुभव सांगतो. पहिल्या चौदा बारवांच्या खुणा नकाशावर टाकून पान उघडले, तेव्हा परभणी जिल्हा कोराच होता आणि खुणा उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात, नॉर्वेच्याही वर उमटल्या होत्या. कारण सापडायला तीन रात्री लागल्या. नकाशावरची ठिकाणे साठवणाऱ्या जिओजेसन प्रकारच्या फाइलमध्ये आधी रेखांश आणि मग अक्षांश लिहायचा असतो. मी शाळेत शिकल्याप्रमाणे आधी अक्षांश लिहिला होता, त्यामुळे 19 आणि 76 या आकड्यांची अदलाबदल झाली होती. हे मला लॅपटॉपसमोर बसून उमगले नाही, तिसऱ्या रात्रीनंतरच्या सकाळी वसमत रस्त्याने सायकलवर जाताना उमगले. काम रोज हाताखालून जात असेल, तर ते दिवसभर मनाच्या तळाशी चालू राहते, असे मला यावरून वाटते.

ज्यांचा अनुभव वेगळा आहे त्यांनी अवश्य लिहावे.

वळणदार, छत्रपती संभाजीनगर

बारवशोधक, तुमच्याच अनुभवावरून मी नेमका उलटा निष्कर्ष काढतो. तीन रात्री मिळून तुम्ही दीड तास बसलात, आणि प्रत्येक रात्रीची पहिली दहा मिनिटे आदल्या रात्रीची शंका पुन्हा जुळवण्यात गेली असणार. तोच दीड तास सलग मिळाला असता, तर खुणा समुद्रात दिसल्याबरोबर तुम्ही एक आकडा हाताने तपासला असता आणि त्याच बैठकीत कारण सापडले असते.

मी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करतो. पाळी दर आठवड्याला बदलते, तेव्हा ‘रोज रात्री साडेनऊ’ ही वेळ माझ्या घड्याळात महिन्यातून काही दिवसच असते. पण माझा मूळ आक्षेप वेळेचा नसून कामाच्या जातीचा आहे. मी एक देवनागरी फॉन्ट काढतो आहे. स्वर, व्यंजने, मात्रा, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे धरली तर शेकडो आकृत्या काढाव्या लागतात. त्यात मराठी वळणाचे ल आणि श आले, ‘दऱ्या’ आणि ‘सुऱ्या’ या शब्दांतला आडवा अर्धा र आला. ही सगळी अक्षरे एकाच हाताने, एकाच मनःस्थितीत काढल्यासारखी दिसली पाहिजेत.

मागच्या पावसाळ्यात मीही तुमच्यासारखा रोजच्या अर्ध्या तासाचा नेम धरला होता. व, ब आणि क या तिघांची डावी वाटी एकच असावी लागते. मी व सोमवारी काढला, ब बुधवारी आणि क शुक्रवारी. दंडाची जाडी मापात तंतोतंत सारखी होती, तरीही छापून भिंतीवर लावल्यावर व ची वाटी भरलेली, ब ची खालून किंचित ओघळलेली आणि क ची चपटी दिसत होती. आठ आठवड्यांचे काम मी पुसून टाकले. नंतर साप्ताहिक सुट्टीच्या एकाच दिवशी, सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत बसून तिन्ही अक्षरे नव्याने काढली आणि ती आजही तशीच ठेवली आहेत. ज्या कामात डोळा तापावा लागतो, त्याला अर्धा तास पुरत नाही. तेवढ्यात तो तापायला सुरुवात होते आणि आपण उठतो.

ओवीवही, अंबाजोगाई

दोघांचेही वाचले. मला दोन्ही बाजूंशी भांडायचे आहे, पण आधी बारवशोधक दादांशी.

‘नोकरीनंतर’ म्हणजे नेमके केव्हा, हे तुम्ही गृहीत धरले आहे. मी शिक्षिका आहे. शाळा सुटल्यावर माझी दुसरी पाळी स्वयंपाकघरात सुरू होते आणि दहाच्या पुढे संपते. रात्री साडेनऊ वाजता तुमच्या घरात वहीत एक ओळ लिहिण्याइतकी शांतता असते, ती कोणीतरी भांडी आवरते आहे, मुलांना झोपवते आहे म्हणून असते, हेही हिशेबात घ्यावे. लेखा विभागात काम करणाऱ्या माणसाच्या हिशेबातून ही रक्कम सुटू नये असे मला मनापासून वाटते.

माझे काम आईच्या ओव्या जपून ठेवण्याचे आहे. जात्यावरच्या ओव्यांचे मोठे संकलन महाराष्ट्रात झालेले आहे. हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामात लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या आहेत. माझ्या आईच्या ओव्या मात्र कोणी घेतल्या नव्हत्या. आई खुर्चीवर बसली की तिला एकही ओवी आठवत नाही. शेवटी मी जाते धुऊन पुसून मांडले, दोन मुठी ज्वारी घातली, मोबाइल खुंट्यापासून हातभर अंतरावर पोत्याच्या घडीवर ठेवला, आणि जाते फिरू लागताच पहिल्या पाचच मिनिटांत तिच्या तोंडून सात ओव्या आल्या. त्या पहाटे ती पावणेदोन तास थांबली नाही. पीठ जात्याच्या पाळीवरून सांडत होते, घरघरीत काही शब्द बुडत होते, पण मी ‘आई, थांब’ म्हटले नाही. अर्ध्या तासाचा गजर लावून बसले असते तर सासर-माहेरापर्यंतच्या ओव्या मिळाल्या असत्या, आणि तिने आपल्या गेलेल्या भावावर रचलेल्या ओव्या, ज्या तिने त्याआधी कोणासमोर म्हटल्या नव्हत्या, त्या राहून गेल्या असत्या.

आता वळणदार दादांशी. त्या एका पहाटेचे ध्वनिमुद्रण ऐकून लिहून घ्यायला मला चार महिने लागले आणि ते सगळे काम दहा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत झाले: डाळ शिजेपर्यंत, मधल्या सुट्टीत, एसटीची वाट पाहताना. एक ओवी ऐकायची, लिहायची, शंका असलेल्या शब्दाखाली रेघ ओढायची. त्यासाठी मला सलग सुट्टी मिळायला हवी असती, तर वही आजही कोरी असती. उलट चुकीच्या फॉन्टने माझी खरी सुट्टी खाल्ली. पहिल्या दोनशे ओव्या मी शाळेच्या संगणकावर जुन्या, युनिकोड (कोणत्याही संगणकावर सारखीच वाचता येणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टंकल्या होत्या. घरच्या लॅपटॉपवर फाइल उघडली तेव्हा आईच्या शब्दांच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिखल दिसला. रूपांतर करून घेतले, पण रफार आणि पहिली वेलांटी जागोजागी सरकली आणि ती हाताने नीट करण्यात अख्खी दिवाळी गेली. असे काम सुरू करणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे की, पहिल्या ओळीपासून युनिकोडमध्येच लिहावे.

कोडेकर, लातूर

या चर्चेत कोणी मूळ प्रश्नातल्या ‘पुढे नेणे’ या शब्दांनाच हात घालत नाही. प्रगती झालीच पाहिजे, हे कोणी ठरवले?

मी लातूरचा. ‘लातूर पॅटर्न’च्या वेळापत्रकात माझी अकरावी आणि बारावी गेली. पहाटेपासून रात्रीपर्यंत दिवस तासिकांत कापलेला असे, दर आठवड्याला चाचणी असे, भिंतीवर गुणांचा तक्ता असे. त्या शिस्तीने मला नोकरी मिळवून दिली, तिचे ऋण मी मानतो. पण आठ-नऊ तास दुसऱ्याने दिलेले काम ठरल्या वेळेत पूर्ण करून आल्यावर, रात्री पुन्हा स्वतःच स्वतःला तासिका लावायची आणि ती चुकली की स्वतःलाच गैरहजर मांडायचे, यात छंद कुठे राहिला?

मी मराठी शब्दकोडी तयार करणारे एक पान लिहितो आहे. त्यात एक अडचण मला फार आवडली. ‘स्त्री’ हे आपल्याला एकच अक्षर दिसते आणि कोड्यात त्याला एकच चौकोन हवा. संगणक मात्र त्यात स, हलन्त, त, पुन्हा हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशी सहा चिन्हे मोजतो. कुठे कापायचे आणि कुठे नाही, यावर मी तीन आठवडे नुसता विचार केला, एकही ओळ लिहिली नाही. बारवशोधकांच्या वहीत ते तीन आठवडे कोरे दिसले असते. माझ्या लेखी तो सर्वांत आनंदाचा काळ होता. मग दोन महिने पान उघडलेसुद्धा नाही, आणि त्याचे मला काही वाटले नाही.

बारवशोधक, परभणी

ओवीवही ताई, तुमचा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे आणि मूळ मांडणीत ते यायला हवे होते. साडेनऊची शांतता माझ्या पत्नीच्या श्रमावर उभी होती. तुमचे उत्तर मी तिला वाचून दाखवले. ती एवढेच म्हणाली की, तिलाही भरतकामाची अर्धवट राहिलेली चौकट पूर्ण करायची आहे. कालपासून रात्रीची भांडी एक दिवस माझ्याकडे आणि एक दिवस तिच्याकडे आहेत. म्हणजे माझा ‘रोज’ आता एक दिवसाआड झाला आहे. तरीही वहीतल्या ओळीमुळे काम कुठे तुटल्यासारखे वाटत नाही.

कोडेकर, तुमच्याशी मात्र मी सहमत होऊ शकत नाही. शब्दकोडे दोन महिने थांबले तरी त्याचे काही बिघडत नाही, हे खरे आहे. बारवेचे तसे नाही. गेल्या वर्षी मी एका गावात पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथल्या बारवेच्या तीन बाजू उभ्या होत्या. पावसाळ्यानंतर पुन्हा गेलो तर एका बाजूचे चिरे आत ढासळले होते आणि त्याच बाजूच्या देवळ्या मी मोजलेल्या नव्हत्या. मोजायला जाण्याची ओळ वहीत चार महिने होती. माणसे वारतात, चिरे निखळतात, ओव्या आठवेनाशा होतात. ज्याचा विषयच झिजत चालला आहे, त्याने आनंदासाठी थांबणे मला परवडणारे वाटत नाही.

वळणदार, तुमच्या वाटीच्या उदाहरणाला माझ्याकडे चोख उत्तर नाही, पण एक जोड देतो. प्रवेशमार्गांवरून बारवेला नावे आहेत: एकमुखी ती नंदा, द्विमुखी भद्रा, त्रिमुखी जया आणि चतुर्मुखी विजया. मी तक्त्यात त्यासाठी एक रकाना केला आणि कित्येक महिने तो सुरळीत चालला. मग वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव आली आणि ती त्या रकान्यात बसेना. अख्खा तक्ता मोडून नव्याने रचावा लागणार होता आणि ते काम खरोखरच अर्ध्या-अर्ध्या तासात होईना. दर रात्री निम्मा तक्ता जुना आणि निम्मा नवा अशी स्थिती व्हायची. शेवटी एक रजा टाकली. पण रजा कशासाठी टाकायची आणि त्या दिवशी सकाळी नेमके काय उघडायचे, हे रोजच्या नोंदींमुळेच मला ठाऊक होते.

गोदाकाठ, नांदेड

माझा लॅपटॉप नाही, सगळे मोबाइलवर चालते, आणि उन्हाळ्यात रात्रीची वीज कधी जाईल याचा नेम नसतो. गावातल्या जुन्या माणसांनी वापरलेले शेतीचे शब्द मी जमवतो आणि जेवढी बॅटरी असेल तेवढे लिहितो. अर्धा तास की सहा तास हा प्रश्न माझ्यापर्यंत पोहोचतच नाही. एकच सांगतो, लिहिलेले त्याच रात्री दुसरीकडेही ठेवत जा. माझा आधीचा मोबाइल विहिरीत पडला आणि त्यासोबत तीनशेवर शब्द गेले. त्यांतले निम्मे ज्या आजोबांनी सांगितले होते, ते आता नाहीत.

वळणदार, छत्रपती संभाजीनगर

गोदाकाठ, तुमचे वाचून मी आत्ताच सगळ्या आकृत्यांची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेतली आणि तो भावाकडे ठेवायला देणार आहे.

बारवशोधक, रजेचा मुद्दा तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलात, पण त्यामुळे माझेच म्हणणे बळकट होते. तुमच्या प्रकल्पातले सर्वांत अवघड काम शेवटी सलग दिवसानेच केले. रोजच्या नोंदीची एक ओळ मी घेतो, कारण पाळी बदलल्यावर आपण कुठे होतो हे मलाही आठवत नाही. अक्षर काढायला मात्र मी तुकड्यांत बसणार नाही. या आठवड्याची सुट्टी बुधवारी आहे आणि ‘ह’ अजून मनासारखा झालेला नाही. त्याचे मधले वळण वळते तिथे शाई साचल्यासारखी दिसते. मंगळवारी रात्रपाळी नाही, म्हणून सहालाच बसणार आहे.

ओवीवही ताई, हा फॉन्ट पूर्ण झाला की त्यात आईंच्या ओव्यांचे पहिले पान लावून बघावे अशी इच्छा आहे. त्यांची हरकत नसेल, तर रफार आणि वेलांटी जास्तीत जास्त असलेल्या दहा ओव्या मला पाठवाव्यात.

ओवीवही, अंबाजोगाई

आईला विचारले. ती म्हणाली, भावाच्या ओव्या सोडून कोणत्याही द्या. रविवारपर्यंत निवडून पाठवते.