मदत हवी आहे: मारुती ८००च्या मीटरमध्ये एलईडी बसवले, दोन पेटत नाहीत आणि उजेड ठिपक्यांत पडतोय

जुनी८००

गाडी १९९७ची, कार्ब्युरेटरवाली. मीटरचा उजेड मंद होता म्हणून मीटर उतरवून डायलच्या प्रकाशाला टी-१० आणि इशाऱ्याच्या दिव्यांना टी-५ (ही बल्बच्या मापांची नावं) एलईडी घातले. सगळे पांढरे. आता असं झालंय:

– दोन पेटतच नाहीत. सुटे काढून १२ व्होल्टवर धरले तर पेटतात.
– स्पीडोमीटरच्या मध्ये झगझगीत ठिपका, कडेचे आकडे अंधारात.
– डायल पांढरी न दिसता हिरवट दिसते.
– हँडब्रेकचा लाल दिवा फिकट गुलाबी दिसतो.

बल्ब बदलू की जुनेच परत लावू?

तारजोड

जुने लावायची गरज नाही. तीन वेगवेगळी कारणं एकत्र आली आहेत.

न पेटणारे दोन बहुतेक उलटे बसलेत. फिलामेंटच्या बल्बला प्लस-मायनसचं सोयरसुतक नसतं, एलईडीला असतं. होल्डर पाव फेरा फिरवून बाहेर काढा, बल्ब अर्धा फिरवून परत खोचा. तरीही नाही पेटला तर संपर्क बघा. एलईडी बल्बच्या बुडाच्या तारा मूळ काचेच्या बल्बपेक्षा बारीक असतात आणि होल्डरच्या पत्र्याला नीट टेकत नाहीत. त्या किंचित बाहेर वाकवा. मीटरमागच्या लवचिक सर्किटपट्टीवर होल्डर टेकतो ती तांब्याची जागा काळी पडली असेल तर पेन्सिलच्या खोडरबराने हलक्या हाताने घासा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सँडपेपर नको, पट्टीवरचं तांबं फार पातळ असतं.

ठिपक्याचं कारण बल्बचा आकार. फिलामेंट चहूबाजूंनी उजेड फेकतं, तो मीटरच्या आतल्या पांढऱ्या भिंतींवर आपटून डायलवर पसरतो. तुमच्या बल्बला एकच चिप (उजेड देणारा चौकोनी तुकडा) असेल आणि ती सरळ पुढे बघत असेल तर भिंतींपर्यंत उजेड पोहोचतच नाही. टी-१०मध्ये पाच चिपांचा प्रकार मागा: चार बाजूंना, एक टोकाला. चिप ५०५० म्हणजे ५ x ५ मिलीमीटरची. बल्ब मूळ बल्बपेक्षा उंच नको, आत काही ठिकाणी जागा अगदी कमी असते. आतला पांढरा रंग पिवळा पडला असेल तर एक हात मॅट पांढरा मारून घ्या. माझ्या मते निम्मा फरक त्यानेच पडतो आणि नेमकं तेच कोणी करत नाही.

रंगाबद्दल: मूळ बल्बवर हिरवी रबरी टोपी आहे का बघा. असली तर काढा. टोपी नसेल तर हिरवा थर डायलच्या मागे छापलेला असतो, तिथे पांढरा एलईडी हिरवटच दिसणार. मग सरळ हिरवा घ्या. लाल दिव्याचंही तसंच. थंड पांढऱ्या एलईडीत लाल प्रकाश फार कमी असतो, लाल काचेतून येताना तो फिका पडतो. लाल काचेमागे लाल एलईडी, पिवळ्यामागे पिवळा, निळ्या हायबीममागे पांढरा चालतो.

‘कॅनबस’ लिहिलेले बल्ब (बल्ब गेलाय असं गाडीच्या कॉम्प्युटरला वाटू नये म्हणून बनवलेले) मीटरमध्ये घालू नका. त्यांच्यात जादा करंट ओढायला रेझिस्टर घातलेला असतो, बंद प्लास्टिकच्या डब्यात तो तापतो. गाडीत एअरबॅग किंवा एबीएस असेल तर ते दोन दिवे मूळ बल्बवरच राहू द्या. काही गाड्यांत कंट्रोल युनिट त्या दिव्याचं सर्किट तपासत असतं.

डिझेलजीप

यातच विचारतो. जुनी डिझेल जीप. बॅटरीच्या दिव्याला एलईडी लावल्यापासून सुरू केल्यावर बॅटरीवर १२.४ व्होल्टच दिसतात. एकदा जोरात रेस दिली की १४ होतात. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर गेला का?

तारजोड

अल्टरनेटर ठीक आहे. पुष्कळ जुन्या अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट या दिव्यातूनच मिळतो. २.२ वॅटच्या बल्बमधून सुमारे ०.१८ अँपिअर जातात, एलईडीतून २०-३० मिलीअँपिअर. तेवढ्याने रोटरमध्ये (अल्टरनेटरच्या फिरत्या भागात) पुरेसं चुंबकत्व तयार होत नाही, म्हणून रेस द्यावी लागते. सोपा उपाय: त्या एका जागी मूळ बल्ब परत घाला. एलईडीच हवा असेल तर त्याला समांतर ६८ ओहम, ५ वॅटचा पांढरा सिरॅमिक रेझिस्टर जोडा. १२ व्होल्टवर त्यात साधारण २ वॅट उष्णता होते, म्हणून पाव वॅटवाला नको आणि तो सर्किटपट्टीला चिकटवू नका. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो.

जुनी८००

दोन पेटले, टोपीही निघाली. आता उजेड रात्री डोळ्यांत जातो. उजेड कमी-जास्त करायचं चाक बसवू का?

तारजोड

जुनं तारेच्या गुंडाळीचं चाक एलईडीवर काम करत नाही. समजा गुंडाळी १० ओहमची. फिलामेंटचे चार बल्ब मिळून एक अँपिअरच्या आसपास घेतात, त्यामुळे गुंडाळीवर भरपूर व्होल्टेज पडतं. चार एलईडी जेमतेम ०.१६ अँपिअर घेतात, दीड व्होल्टच पडतं आणि उजेड जेमतेम उतरतो. एलईडीसाठी पीडब्ल्यूएम डिमर (दिवा फार वेगाने चालू-बंद करून उजेड कमी करणारा) घ्यावा लागेल.

८००ला एवढा खटाटोप नको. मीटरच्या प्रत्येक प्रकाश-बल्बला १०० ओहम, पाव वॅटचा रेझिस्टर मालिकेत जोडा, करंट जवळपास निम्मा होतो. होल्डरच्या पायाशी सोल्डर मारून त्यावर श्रिंक ट्यूब (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) चढवा. इशाऱ्याच्या दिव्यांना हा रेझिस्टर लावू नका, ते भर उन्हातही दिसले पाहिजेत.

काम करताना बॅटरीची मायनस काढलेली हवी. मीटर परत बसवण्याआधी फक्त कनेक्टर जोडा, मग मायनस लावून पार्किंग लाइट आणि चावी ऑन करून सगळे दिवे एकदा बघा. स्पीडोमीटरची केबल शेवटी ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबा. अर्धवट बसली तर काटा थरथरतो. काट्याला हात लावू नका.