‘नलिफिकेशन’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न
अमेरिकेच्या इतिहासावरच्या एका लेखाचा अनुवाद करतो आहे. साउथ कॅरोलिनाने १८३२ मध्ये केंद्र सरकारचे टॅरिफचे कायदे ‘नलिफाय’ केले, असे वाक्य आहे. कोशातले ‘शून्यीकरण’ गणितातले वाटते. ‘रद्द केले’ लिहू का? आणि ‘टॅरिफ’ला ‘जकात’ चालेल?

उत्तर
‘रद्द केले’ नका लिहू. कायदा रद्द करतो तो करणाराच, किंवा न्यायालय त्याला रद्दबातल ठरवते. मग तो कुणालाच लागू राहत नाही. साउथ कॅरोलिनाचा दावा वेगळा होता. १८२८ आणि १८३२चे कायदे मॅसॅच्युसेट्समध्ये चालत असतील तर चालोत, आमच्या हद्दीत १ फेब्रुवारी १८३३ नंतर वसुली होऊ देणार नाही, असा ठराव तिथल्या खास अधिवेशनाने नोव्हेंबर १८३२ मध्ये केला. म्हणजे चार्ल्स्टन बंदरात माल उतरला की वॉशिंग्टनचा अधिकारी शुल्क मागणार आणि राज्य व्यापाऱ्याला सांगणार, देऊ नका. तेव्हा ‘आपल्यापुरते रद्दबातल ठरवले’ असे लिहा. त्यातले ‘पुरते’ गाळू नका, सगळे भांडण तिथेच आहे.

साउथ कॅरोलिनाचे नेते जॉन कॅलहून यांचे म्हणणे असे की राज्यांनी आपसात करार करून संघ उभा केला, मग करार मोडला की नाही हे ठरवणारेही राज्यच. अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी डिसेंबरात जाहीरनामा काढून हे साफ फेटाळले. पुढे मार्च १८३३ मध्ये संसदेने एकीकडे लष्कर वापरायची मुभा देणारा कायदा केला आणि दुसरीकडे सिनेटर हेन्री क्ले यांच्या तडजोडीने शुल्क टप्प्याटप्प्याने उतरवायचे ठरवले. राज्याने ठराव मागे घेतला, पण जाता जाता तो लष्कराचा कायदाही आपल्यापुरता रद्दबातल ठरवलाच!

आणखी एक
‘जकात’ टाळा. आपल्याकडे जकात म्हटले की शहराच्या वेशीवरचा नाका आणि ट्रकांची रांग आठवते. मुंबईत तर ती २०१७ मध्ये जीएसटी येईपर्यंत होती. इथे परदेशी मालावर बंदरात बसणारा कर आहे, ‘आयातशुल्क’ नेमके बसते. उत्तरेकडच्या कारखानदारांना ते हवे होते, कारण इंग्लंडचा माल महागला की त्यांचा खपायचा. दक्षिणेचा कापूस इंग्लंडला जायचा आणि वापरायचा माल बाहेरून यायचा. त्यामुळे कर आम्ही भरायचा आणि भरभराट तुमची, ही तिकडची तक्रार. ती अगदीच खोटी नव्हती.

आणखी एक
वरच्या उत्तरांत एक बाजू राहून गेली. अशा लेखांत ‘राज्यांचे हक्क’ हा शब्दप्रयोग हमखास येतो. अनुवाद सरळ आहे, पण हक्क कुणाचे हे त्यात झाकले जाते. १८३०च्या जनगणनेत साउथ कॅरोलिनाची निम्म्याहून अधिक माणसे गुलामगिरीत होती. १७८७च्या संविधानाने प्रतिनिधींच्या जागा ठरवताना दर पाच गुलामांमागे तीन डोकी धरली. मत त्यांना नव्हतेच. त्यांच्या डोक्यांवर जादा जागा मालकांच्या राज्यांना मिळाल्या. प्रतिनिधित्वाचे गाऱ्हाणे मांडायचा खरा अधिकार त्या माणसांचा होता आणि त्यांनाच कुणी विचारले नाही. याची मला चीड येते.

आणखी पाहा, पळालेले गुलाम पकडून परत देण्याचा कडक कायदा संसदेने १८५० मध्ये केला. उत्तरेकडच्या विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. तेव्हा दक्षिणेला राज्याच्या हक्काचे प्रेम उरले नाही. डिसेंबर १८६०मध्ये साउथ कॅरोलिना संघातून फुटून निघाली. फुटण्याची कारणे सांगणाऱ्या तिच्या जाहीरनाम्यात, उत्तरेची राज्ये हा कायदा पाळत नाहीत, ही मोठी तक्रार आहे. आयातशुल्काचा त्यात उल्लेखही नाही. अनुवादात ‘राज्यांचे हक्क’ ठेवा, पण मूळ लेखात गुलामगिरीचा उल्लेख असेल तर तो एका शब्दानेही सौम्य करू नका.

प्रश्नकर्ता
मूळ लेखात उल्लेख आहे, तसाच ठेवतो. वाक्य असे केले: ‘साउथ कॅरोलिनाने केंद्र सरकारचे आयातशुल्काचे कायदे आपल्यापुरते रद्दबातल ठरवले.’

उत्तर
‘केंद्र’ वाचले की डोळ्यांपुढे दिल्ली येते. ‘संघ सरकारचे’ करा, बाकी वाक्य छान झाले आहे.