बॅचचं गेट-टुगेदर घरच्यांसकट कॉलेजातच करायचंय (नेरुळ)

कोपरीकर
इंजिनिअरिंगची २००१ ची बॅच, जानेवारीत भेटतोय. नेरुळच्या कॅम्पसवर, मुलाबाळांसकट साधारण शंभर जण. बरेचजण ठाण्याहून लोकलने येतील. रविवार धरलाय. परवानगी कशी काढायची? जेवणाचा आकडा कसा धरायचा?

पामबीच_रोड
रविवार नको. लॅबला कुलूप, लिफ्ट बंद. त्यात मेगाब्लॉक (रुळांच्या कामासाठी लोकल बंद) हार्बर किंवा ट्रान्स-हार्बर लाईनवर पडला तर साधारण ११ ते ४ गाड्यांचा भरवसा नाही, आणि ते कळतं एक-दोन दिवस आधी. शनिवार घ्या. दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बऱ्याच कॉलेजांना सुट्टी असते, म्हणून पहिला किंवा तिसरा. मात्र नेरुळच्याच डी. वाय. पाटील स्टेडियमवर त्या दिवशी मॅच किंवा कॉन्सर्ट नाही ना, हे आधी बघा. २०२५ मध्ये कोल्डप्लेचा पहिला शो १८ जानेवारीला, नेमका तिसऱ्या शनिवारीच होता. अशा वेळी आसपासची वाहतूक वळवतात.

ऐरोली_ताई
पत्र प्राचार्यांच्या नावे, माजी विद्यार्थी संघटनेमार्फत, निदान महिनाभर आधी. तारीख, वेळ, किती माणसं, कुठल्या खोल्या उघडून हव्यात, केटरर बाहेरचा का, स्पीकर लागणार का, सगळं लिहा. नुसतं ‘कॅम्पस बघायचाय’ लिहिलंत तर गेट उघडेल, लॅब नाही. नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणारी संस्था) निकषांत माजी विद्यार्थ्यांचा सहभाग मोजतात, त्यामुळे कॉलेजलाही अशा कार्यक्रमाची नोंद हवी असते. फोटो आणि हजेरीपत्रक देऊ, असं पत्रातच टाका. मंजुरीची प्रत आणि गाड्यांचे नंबर आदल्या दिवशी सिक्युरिटीकडे.

जेवणाचा आकडा जमा झालेल्या पैशांवरून धरा, ग्रुपवरच्या ‘येणार’वरून नाही. वर पाच-दहा ताटं वाढीव सांगा. जैन जेवणाला टेबल वेगळं, डावही वेगळे. एकदा डावांची अदलाबदल झाली की ते जेवण कुणी घेत नाही. लहानग्यांना बिनतिखट वरणभात. निवृत्त सर-मॅडमना एकच्या आत वाढा, त्यांच्या गोळ्यांच्या वेळा असतात.

घणसोली_सेक्टर९
ओळखपरेड टाळा. चाळीस जणांनी दोन-दोन मिनिटं घेतली तरी ८० मिनिटं जातात, घरचे ताटकळतात. नाव आणि शाखा मोठ्या अक्षरात छापून गळ्यात कार्ड घाला. सकाळी आधी सगळ्यांना वर्कशॉप, ड्रॉइंग हॉल दाखवा.

कोपरीकर
शनिवार पक्का. वर्कशॉपमध्ये लहान मुलं चालतील?

घणसोली_सेक्टर९
पंधरा-पंधराच्या गटाने, वर्कशॉपचा माणूस सोबत हवाच. मेन स्विच बंद करून घ्या. लेथ मशीनखाली (लोखंड कातायचं यंत्र) लोखंडाचा वळलेला बुरा पडलेला असतो, तो चपलेतून बोट कापतो. मुलांना बंद बूट घालायला सांगा, ओढण्या आणि गळ्यातली कार्डं आत खोचून.